ऑपरेशनआधीच त्यातून गेलेली एखादी बाई भेटायला हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की दरवर्षी आपल्या पेपरात ब्रेस्ट कॅन्सरवर लेख येतात, मी ते सगळे वाचते, काही कापूनही ठेवलेत. स्वतःची तपासणी कशी करायची, मॅमोग्राफी कधी करायची, गाठ लागली तर अंगावर काढू नका, हे सगळं त्यात असतं आणि ते यायलाच हवं, कारण २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात साधारण १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाला, बायकांच्या कॅन्सरमध्ये हाच पहिल्या नंबरवर आहे. पण लेख नेहमी तिथेच थांबतात, की वेळेवर आलात तर बऱ्या व्हाल. आणि बरं होताना घरी काय काय असतं त्याबद्दल कुणी लिहीत नाही. काढलेला स्तन परत तयार करता येतो हे तर कितीतरी बायकांना ऑपरेशन होऊन गेल्यावर कळतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत राहते, पन्नाशीची आहे, मुंबईत नोकरी करते. माझा एका बाजूचा स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवीन बनवला. याला डीप फ्लॅप म्हणतात, फ्लॅप म्हणजे असा एका जागेवरून घेऊन दुसरीकडे लावलेला तुकडा. पोटाचा स्नायू तिथेच ठेवतात, फक्त कातडी, चरबी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या काढून त्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात, त्यामुळे ऑपरेशन खूप तास चालतं. काहींना पाठीचा स्नायू पुढे वळवून करतात, काहींना सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात. रेडिएशन असेल तर इम्प्लांटभोवती कडक आवरण धरायचा धोका वाढतो म्हणून डॉक्टर तिथे जपून सल्ला देतात. आणि काहीजणी यातलं काहीच करत नाहीत, ब्रामध्ये पॅड घालतात किंवा तेही नाही, आणि त्याही छान असतात हे मला आधीच सांगायचंय, म्हणजे मी सगळ्यांना ऑपरेशन करा म्हणतेय असं कुणाला वाटायला नको.

माझ्या डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं होतं, आकृती काढून दाखवली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. पण ऑपरेशनच्या आधी ओपीडीत वसईच्या एक मॅडम भेटल्या, त्यांचं हेच ऑपरेशन झालं होतं आणि त्या फॉलोअपला आल्या होत्या, त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन जे सांगितलं ते मला दुसऱ्या कुणाकडूनच मिळालं नसतं. त्या म्हणाल्या, पहिल्या रात्री सिस्टर सारखी येईल, टॉर्च लावून रंग बघेल, बोटाने दाबून बघेल, पेनासारखं डॉपलर टेकवून आवाज ऐकेल, सूं सूं असा आवाज येतो, तो रक्ताचा आवाज, तो आला की सगळं ठीक. तुला वाटेल की काहीतरी बिघडलंय म्हणून ही सारखी येतेय, तर तसं नाही, सगळ्यांचंच बघतात, कारण जोडलेल्या शिरेत रक्त गोठलं तर लगेच परत थिएटरमध्ये न्यावं लागतं आणि ते जितकं लवकर कळेल तितका फ्लॅप वाचतो. हे मला माहीत होतं म्हणून मी त्या रात्री तो आवाज ऐकत पडले होते आणि घाबरले नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या ताईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्या रात्रभर रडत होत्या.

खरी गरज मात्र डिस्चार्जनंतर लागते. हॉस्पिटलमध्ये बेल दाबली की कुणीतरी येतं. घरी आल्यावर अंगाला ड्रेनच्या नळ्या, त्यांच्या टोकाला ते प्लास्टिकचे फुगे, रोज किती मिली पाणी आलं ते वहीत लिहायचं, साधारण चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढतात. ते फुगे घेऊन फिरायचं कसं, बाथरूमला जायचं कसं? वसईच्या मॅडमनी जुन्या ओढणीची पिशवी शिवून दिली होती, गळ्यात अडकवायची, दोन कप्पे. ती पिशवी माझ्यानंतर आणखी दोघींकडे गेली. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, बेंबीभोवती वेगळे टाके, सरळ उभं राहता येत नाही, पहिले दिवस वाकूनच चालायचं असतं, आणि परकराची नाडी नेमकी तिथेच काचते. इलॅस्टिकचा परकर किंवा पुढून उघडणारा गाऊन आणून ठेव, हे एका बाईनेच दुसरीला सांगावं लागतं. झोपताना गुडघ्याखाली दोन उशा आणि पाठीला उंचवटा, खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरायची, रिक्षात बसतानाही उशी मांडीवर घ्यायची म्हणजे खड्ड्यात दचका कमी लागतो. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर तर करता येत नाही, त्याचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पाण्याची बादली, भरलेला कुकर, नातवंड, यातलं काही उचलायचं नाही. वरच्या फळीवरचे डबे आधीच ओट्यावर आणून ठेवायचे. आमच्याकडे हे सगळं मुलाने आणि मिस्टरांनी केलं, पण त्यांनाही काय करायचं ते त्या मॅडमच्या मिस्टरांनी फोनवर सांगितलं होतं. पेशंटच्या नवऱ्यालाही बोलायला कुणी लागतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

हळूहळू आम्ही सातआठजणी झालो. कुणी ओपीडीत भेटली, कुणी ओळखीतून. सोलापूरच्या एक मावशी उपचारासाठी मुंबईत होत्या, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहायच्या, तिथे तर पेशंट आणि नातेवाईक एकमेकांना धरूनच राहतात, एकाने रांग लावायची, दुसऱ्याने डबा आणायचा. या मावशींना मिश्रीची सवय, लहानपणापासूनची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तंबाखू कुठल्याही रूपात बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅप मरू शकतो, जखम भरत नाही. मावशी डॉक्टरांसमोर हो म्हणायच्या आणि पदराआड डबी असायची. आमच्यातल्याच एका काकूंनी, ज्यांनी स्वतः मिश्री सोडली होती, त्यांना रोज सकाळी फोन केला, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत आणि नंतरही. रागावल्या नाहीत, नुसतं विचारायच्या, आज काय चघळलंस, बडीशेप की लवंग. सुटली मिश्री. डॉक्टरांच्या बोलण्यात काही कमी नव्हतं, पण ज्या बाईने स्वतः ती डबी फेकली तिचं ऐकणं सोपं जातं.

एक गोष्ट ठळक छापावी अशी विनंती. नवीन बनवलेल्या स्तनाला आणि पोटाच्या टाक्यांच्या आजूबाजूला संवेदना नसते किंवा फार कमी असते, काहींची थोडी परत येते, काहींची येत नाही. आपल्याकडे दुखलं की शेकायची पद्धत आहे, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर गरम केलेलं फडकं. तिथे शेकू नका. चटका बसला तरी कळत नाही आणि फोड येतो. आमच्यातल्या एका तरुण मुलीला तिच्या आजीने मायेने शेक दिला आणि जखम भरायला फार दिवस गेले. थंडीत हीटरच्या जवळ बसतानाही सांभाळा. तसंच काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज यायचा धोका राहतो, घट्ट बांगड्या नकोत, भाजणं कापणं जपायचं, हात जड वाटला किंवा सुजला तर लगेच दाखवायचं. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम फिजिओ सांगतील त्या दिवसापासून रोज करायचा, आमच्यातल्या दोघी तो एकमेकींना व्हिडिओ कॉलवर करून दाखवायच्या, एकटीने कंटाळा येतो आणि दुखतं म्हणून टाळलं जातं.

काही महिन्यांनी मला फ्लॅपमध्ये कडक गाठ लागली. त्या रात्री काय वाटलं ते लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी वसईला फोन केला. त्या म्हणाल्या, मलाही लागली होती, माझी चरबीची निघाली, पण तुझी काय आहे ते मी सांगू शकत नाही, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखव, मी येते बरोबर. आणि आल्या. माझीही तीच निघाली, चरबीच्या काही भागाला रक्त कमी पडलं की अशी गाठ धरते. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी फोनवर निदान केलं नाही. सोबतच्या पेशंटने हीच रेघ पाळायची असते. धीर द्यायचा, सोबत जायचं, स्वतःचा अनुभव सांगायचा, पण औषध सांगायचं नाही, अमुक काढा घे, तमुक गोळी बंद कर, हे अजिबात नाही. अशा सल्ले देणाऱ्याही बायका भेटतात आणि त्यांच्यामुळे नुकसान होतं, म्हणून तर मी म्हणतेय की हे सगळं नुसतं नशिबावर सोडू नये.

नातेवाइकांबद्दल थोडं. “जीव वाचला ना, मग या वयात हे कशाला” हे मी कितीवेळा ऐकलं. लग्न न झालेल्या मुलीला म्हणतात, आता तुझं कसं होणार, आणि लग्न झालेलीला विचारतात, नवऱ्याने सांगितलं का करायला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सकाळी साडी नेसताना, गर्दीत उभं राहताना माझं शरीर माझं वाटायला हवं होतं, एवढंच. कामावर परत गेले तेव्हा लेडीज डब्यात चढायची फार भीती वाटायची, डोंबिवलीची सकाळची गर्दी तुम्हाला माहीत आहे, कुणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही. ठाण्याच्या एक ताई, आमच्यातल्याच, पहिल्या आठवड्यात त्या माझ्यासाठी उलट्या डोंबिवलीला यायच्या आणि माझ्या पुढे उभ्या राहायच्या, हात दांडीला लावून, म्हणजे माझ्या छातीसमोर जागा राहील. त्यांचं ऑफिस ठाण्यातच आहे, त्यांना ट्रेनची गरजच नव्हती. याचे आभार कसे मानायचे मला अजून कळलेलं नाही.

आता विम्याबद्दल, कारण यात पुष्कळजणी फसतात. आमच्यातल्या एकीचा पुनर्रचनेचा, म्हणजे स्तन परत बनवण्याच्या ऑपरेशनचा क्लेम “कॉस्मेटिक सर्जरी” म्हणून नाकारला. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये जी वगळण्यांची ठरावीक भाषा घालून दिली त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे खरी, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्यातून बाहेर ठेवली आहे. पॉलिसीत हे कलम एक्सक्लुजन कोड ०८ म्हणून असतं, काढून वाचा. डॉक्टरांचं पत्र जोडून आणि या कलमावर बोट ठेवून तिने परत लिहिलं आणि पैसे मिळाले. नाही मिळाले तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येतं. हे कलम तिला कुणी दाखवलं? केमोच्या खुर्चीवर शेजारी बसलेल्या, बँकेतून रिटायर झालेल्या एका काकूंनी.

आम्ही काही नवीन करत नाही आहोत. अमेरिकेत टेरेसी लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःच्या ऑपरेशननंतर १९५२ मध्ये रीच टू रिकव्हरी हे काम सुरू केलं, कारण त्यांना पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून त्या स्वतः हॉस्पिटलमध्ये जाऊन बायकांना भेटायला लागल्या. सुरुवातीला डॉक्टरांना ते आवडलं नव्हतं, पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो कार्यक्रम आपल्याकडे घेतला. आपल्याकडेही पेशंटना आधार देणाऱ्या चांगल्या संस्था आहेत, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायका तिथे मनापासून काम करतात. पण पुनर्रचनेचं ऑपरेशन होणाऱ्या बाईला, त्याच प्रकारचं ऑपरेशन झालेली बाई आधीच भेटेल याची खात्री नसते, ओपीडीत त्या दिवशी कोण बसलंय यावर सगळं अवलंबून. मी त्या दिवशी एक तास उशिरा गेले असते तर?

म्हणून जिथे ही ऑपरेशन्स होतात त्या सगळ्या हॉस्पिटलना माझी कळकळीची विनंती आहे. ऑपरेशनची तारीख देताना सोशल वर्करने विचारावं, तुम्हाला कुणाशी बोलायचंय का. ज्या तयार आहेत त्यांची यादी ठेवावी, ऑपरेशनचा प्रकार, वय, भाषा बघून जोडून द्यावं, पोटाच्या फ्लॅपवालीला इम्प्लांटवाली भेटून फार उपयोग होत नाही. काय बोलायचं आणि काय नाही हे एखादा दिवस शिकवावं. पुनर्रचना न करायचं ठरवणारीलाही तशीच एखादी भेटावी. लातूर, नांदेडकडच्या बायका आठवड्याभरात गावी परत जातात, तिथे तर हे ऑपरेशन बघितलेलं कुणी नसतं, त्यांच्यासाठी निदान एक फोन नंबर त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेला असावा. याला फार पैसे लागत नाहीत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पडदा लागतो, कारण टाके कसे दिसतात हे बायकांना बघायचं असतं आणि दाखवायला आम्ही तयार आहोत.

पत्र फार मोठं झालंय हे मला कळतंय. जागा नसेल तर शेकाचा आणि विम्याचा भाग तेवढा ठेवा, बाकीचं कापलंत तरी माझी काही हरकत नाही.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)