हातमागावर लाडक्या जनावरांची नावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हातमागाच्या लाकडी चौकटीवर लाडक्या बैलाचे, गाईचे किंवा कुत्र्याचे नाव कोरून घेण्याची हौस कोल्हापूर जिल्ह्यात रुजावी असे मला मनापासून वाटते. कारण बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या आणि खंडेनवमीला अवजारे पुजणाऱ्या आपल्या मुलखात जनावर आणि अवजार ही दोन्ही घरचीच मानली जातात. घोंगडीच्या मागावर तर मेंढीचेच नाव शोभेल, तिची लोकरच तिथे विणली जाते. मात्र कोरीव काम वरच्या आडव्या दांड्यावरच करावे. ताण्याचे, म्हणजे उभे, सूत जिथे घासते तिथले लाकूड आणि आडवा धागा नेणारा धोटा गुळगुळीतच राहिला पाहिजे, नाहीतर धागे अडकून तुटतात. सुतारांनी माग घडवतानाच विणकराला हे नाव विचारावे, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर