शाळेवर पाटी कोणाचीही लावा, आधी करार दाखवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कंपनी वा दात्याने सरकारी शाळा ठरावीक वर्षांसाठी सांभाळायची, अशा राज्य सरकारच्या शाळा दत्तक योजनेवर आपल्या पानांत जी चर्चा झाली, तीत अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा दाखला वारंवार आला. तिथे धनिकांनी पैसा ओतला, पालकांना शाळा निवडता आली, मग आपल्याकडे का नको, असा एकूण सूर. दाखला खोटा नाही, पण अर्धा आहे. विदर्भातल्या खेड्याला कामाचा आहे तो उरलेला अर्धा.

चार्टर म्हणजे सनद, लेखी करार. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये याचा पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. शाळा स्वतंत्र मंडळ चालवते, रोजचा खर्च मात्र दर मुलामागे सरकारी तिजोरीतून येतो. फी नाही. अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. करार ठरावीक वर्षांचा, बहुधा तीन ते पाच. मुले शिकली नाहीत किंवा हिशेब बिघडला, तर करार मोडतो आणि शाळा बंद होते. दात्यांचा पैसा येतो तो मुख्यतः शाळा उभी करताना, इमारतीसाठी आणि चांगल्या चाललेल्या शाळेच्या आणखी शाखा काढण्यासाठी, कारण अनेक राज्यांत चार्टर शाळेला इमारतीसाठी सरकारकडून पुरेसे मिळत नाही. वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाचे प्रतिष्ठान यात वर्षानुवर्षे आहे. न्यूयॉर्कचे माजी महापौर ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ७५ कोटी डॉलर जाहीर केले. इतके असूनही पगाराचा मुख्य भार सरकारवरच आहे. दात्याने पैसा द्यायचा आणि सरकारने अंग काढून घ्यायचे, असा तो सौदा नाही. आपल्याकडे हे सांगायचे नेमके राहून जाते.

तिथे बिघडलेही आहे. न्यूअर्क शहराच्या शाळांसाठी फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी २०१० मध्ये १० कोटी डॉलर जाहीर केले, ते थेट दूरचित्रवाणीवर. तेवढीच रक्कम इतर दात्यांकडून उभी राहिली. त्यातले दोन कोटींहून अधिक डॉलर सल्लागारांवर गेले, आणि आपल्या मुलांच्या शाळांचे काय ठरते आहे हे गावाला सर्वांत शेवटी कळले, म्हणून लोक चिडले. दुसरे दुखणे शाळा बंद होण्याचे. शहरात एक शाळा बंद झाली तर मूल दुसऱ्या बसने दुसऱ्या शाळेत जाते, खेड्यात दुसरी शाळाच नसते. चार्टर शाळा बहुतांशी शहरांत आहेत, त्याचे एक कारण हेच.

आता आपल्याकडे या. धारणी, भामरागड, झरी जामणी अशा तालुक्यांतल्या वाडीत किंवा पोडावर (कोलामांच्या वस्तीत) निवड कशातून करायची? शाळा एकच, जिल्हा परिषदेची. तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंट असते. तिची गाडी डांबरी रस्त्यावरच्या गावांपर्यंत येते, पुढे येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचेही तेच. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. चांगले झाले. पण ज्या गावापासून विनाअनुदानित शाळाच १२-१५ किलोमीटरवर आहे, तिथे तो हक्क कागदावरच राहतो. आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी शाळांची योजना हीसुद्धा निवडच म्हणायची, फी सरकार भरते. पण सहा वर्षांचे पोर घरापासून शे-दीडशे किलोमीटरवर जाते आणि दिवाळीत परतते, तेव्हा त्याची घरची कोरकू किंवा माडिया बोली अडखळू लागलेली असते. या किमतीला निवड म्हणावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

तेव्हा दात्याचा पैसा इथे यायचाच तर तो गावातल्या एकुलत्या एक शाळेत यावा. १८ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयानुसार ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला ५० लाख, दहा वर्षांसाठी १ कोटी रुपये लागतात. रोख स्वीकारत नाहीत, वस्तू आणि सेवा द्यायच्या. देणगीदाराच्या पसंतीचे नाव त्या मुदतीपुरते शाळेला जोडता येते. पाटीवरून बराच वाद झाला. आमच्या मते पाटी ही सर्वांत किरकोळ बाब आहे. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कास्तकाराच्या वर्गणीवर शाळा उभ्या राहिलेल्या या मुलखाला दानाचे वावडे नाही.

खरी बाब आकड्यांची. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचे संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपये आहे, ३१ ते १०० मुले असतील तर २५ हजार. खडू, वीजबिल, डागडुजी, स्वच्छता, सारे यातच. दत्तक योजनेचे वर्षाला १० लाख म्हणजे लहान शाळेच्या अनुदानाच्या शंभरपट. एवढी रक्कम अचानक आली की ती दिसणाऱ्या वस्तूंवर जाते: मोठा टीव्ही, टॅब, पाणी शुद्ध करणारे यंत्र, छतावर सौर पॅनेल. मग दोन वर्षांनी खोलीला कुलूप.

असे का होते, ते सांगतो. विदर्भात शाळा मेच्या सुरुवातीला सुटते आणि जूनच्या अखेरीस उघडते. नेमक्या याच काळात ४५ अंशांच्या उन्हात बंद खोलीत इन्व्हर्टरची बॅटरी पडून असते. पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, आणि पाच वर्षे चालायची बॅटरी दोनमध्ये बसते. सुटीआधी डिस्टिल्ड वॉटर भरून ती पूर्ण चार्ज करावी आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवावी, तिथे ती चार्ज राहते. खर्च नगण्य, पण हे काम कोणाच्या नावावर नसते. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, आरओ, म्हणजे खारे पाणी गोड करणारे यंत्र, लागतो हे खरे. मात्र एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर खारे पाणी बाहेर जाते. त्याला शोषखड्डा नसेल तर शाळेच्या आवारात चिखल आणि डास. गाळ धरणारा फिल्टर तीन ते सहा महिन्यांत, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. सुटीनंतर पहिला अर्धा तास पाणी वाहू द्यायचे, प्यायचे नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडवाल्या गावांत तर आधी पाण्याची तपासणी, मग यंत्र. उलटे केले की चुकीचे यंत्र येते. आणि वीजबिल? ते थकले की मीटर कापतात, मग सारी डिजिटल शाळा मुकी.

दुसरा घोळ मुदतीचा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. पण बहुवर्षीय प्रकल्पाची व्याख्या काय? सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे एकूण चार. दत्तक मात्र पाच किंवा दहा वर्षांचे. पाचव्या वर्षाला कंपनीला नव्याने ठराव करावा लागेल, आणि नफा घटला किंवा अधिकारी बदलले तर तो होईलच असे नाही. शाळेने हे पहिल्याच बैठकीत विचारावे. प्रशासकीय खर्चावर कंपनीला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, तशीच मर्यादा कंपनीच्या वतीने काम पाहणाऱ्या मधल्या संस्थेच्या सल्ला-शुल्कावर करारात घालावी. न्यूअर्कचा धडा तोच. खाणपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी. खाणवाल्यांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात (खाणबाधित भागासाठीच्या निधीत) भरलेला पैसा हे दान नव्हे, कायद्याने देणे आहे. त्यातून बांधलेल्या खोलीवर कंपनीची पाटी नको.

मग १० लाखांचे करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. एक गुरुजी प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसले की उरलेल्या बाईंपुढे पहिली ते चौथी एकत्र. इथे डी.एड. झालेली, मुलांची घरची बोली बोलणारी गावातलीच मुलगी सहायक म्हणून लागली तर फरक पडतो. महिना १२ हजार धरा, वर्षाला १ लाख ४४ हजार. दोघी ठेवल्या तरी तीन लाखांच्या आत. पाचवीपासून मोठ्या गावी जाणाऱ्या मुलींसाठी ऑटो किंवा काळीपिवळी दहा महिने लावली, महिना २५ हजार धरले, तर अडीच लाख. दुरुस्ती आणि वीजबिलाला एक लाख बाजूला. पुस्तकांना पन्नास हजार. तरी तीन लाख उरतात. त्यातले दरवर्षी थोडे शेवटच्या वर्षानंतरच्या देखभालीसाठी साठवण्याची सोय करारातच करून घ्यावी. मात्र सहायकाचे मानधन मधल्या संस्थेने थेट बँकेत द्यावे, मुख्याध्यापकाच्या हातून नको. आणि करारात ठळक लिहावे की हा माणूस मंजूर पदाच्या जागी धरला जाणार नाही. हे वाक्य राहिले तर रिक्त पद भरायची घाई सरकारला उरत नाही, आणि पाच वर्षांनी ना पद असते, ना सहायक.

निकाल कसा मोजायचा, हाही प्रश्न करारातलाच. सरासरी हजेरीवर दात्याचा जीव असतो. दिवाळीनंतर कापसाचा वेचा ऐन भरात असतो, मेळघाटातली कुटुंबे कामाला बाहेर पडतात, मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीत मोहफुले. हजेरी खाली येणारच. त्यावर पैसा अडवला तर नाव टिकवण्यासाठी हजेरीपटावर हजर असल्याच्या खोट्या खुणा वाढतील. परीक्षेच्या टक्केवारीवर अडवला तर कच्ची मुले हळूच वगळली जातील. चार्टर शाळांवरही हा आक्षेप घेतला गेला आहे. त्यापेक्षा जुलैत प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचायला आणि हातच्याची वजाबाकी करायला द्यावी, मार्चमध्ये तेच पुन्हा. मुलागणिक नोंद ठेवावी आणि शाळा सोडून गेलेल्यांची यादी सोबत जोडावी. यादीविना निकाल मान्य करू नये.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना २०२३ मध्ये पुढे आली, तिच्यासाठीही दात्यांकडे बोट दाखवले जाते. तिथे अट एकच असावी: गाडी आधी, विलीनीकरण नंतर. पावसाळ्यात नाला भरला की गाडी थांबते. त्या दिवसांचे काय, हे गावाने लिहून घ्यावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत, कलम २२ ने शाळेचा विकास आराखडा करायचे काम तिला दिले आहे. दाता येण्यापूर्वी हा आराखडा तयार असावा, नाही तर दात्याच्या सादरीकरणालाच आराखडा म्हणावे लागते. मागणी लिहिताना शाळेचा ११ अंकी यूडायस (सरकारी नोंदीतला) क्रमांक, वर्गवार पट, मंजूर व रिक्त पदे, मीटरचा ग्राहक क्रमांक आणि पाणी तपासणीचा अहवाल जोडावा. वस्तू जिल्हा परिषदेच्या जडवस्तू नोंदवहीत चढल्याशिवाय पोचपावती देऊ नये. करार मराठीत असावा आणि सही होण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा. कंपन्यांचे नवे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि त्याची आखणी आधीच ठरते. त्यामुळे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला, तर फेब्रुवारीत प्रस्ताव हातात पडतो.

आपले,
निवृत्त केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य
(यवतमाळ व अमरावती जिल्हा)