रुडबेकियाचं एकदा सगळं सांगूनच टाकतो

प्रिय पश्या,

फोटो बघून विचारलंस ना, हे बारकं सूर्यफूल कुठून आणलंस म्हणून, तर ते सूर्यफूल नाहीये, रुडबेकिया आहे, त्याच खानदानातलं पण अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवर आपोआप उगवणारं. तिकडे ब्लॅक आइड सुझन म्हणतात. आणि आधीच सांगतो, बडोद्याच्या नर्सरीत नुसतं 'ब्लॅक आइड सुझन' मागू नकोस, तुझ्या हातात थनबर्जियाचा वेल ठेवतील, त्यालाही तेच नाव आहे आणि त्याचा याच्याशी काही एक संबंध नाही. रुडबेकिया हिर्टा म्हण, नाहीतर ग्लोरिओसा डेझी म्हण, ती याचीच मोठ्या फुलांची बागेतली जात.

तुझा हात मला माहितीये, कुंडी दिसली की पाणी घालणार आणि पाणी घातलं की खत घालणार. इथे तसं चालत नाही यार. हे माळरानावरचं झाड आहे, जास्त शेणखत दिलं की नुसती पानं माजतात, देठ लांबतात आणि फुलं आली की आडवे पडतात. आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातले एक काका रोज कुंपणावरून वाकून बघतात आणि म्हणतात थोडा युरिया टाक, मी हो हो म्हणतो आणि टाकत नाही.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. 'पग पग रोटी, डग डग नीर' हे माळव्याच्या गव्हाला ठीक आहे, पण ही माती पाणी धरून बसते आणि रुडबेकियाला मुळाशी ओल साचलेली अजिबात खपत नाही. मी वाफा वीतभर उंच केला, मातीत भरपूर जाडी रेती मिसळली आणि जुनं कुजलेलं खत अगदी मूठमूठ. कुंडीत लावणार असशील तर खालचं भोक खापरीनं नीट झाक, बुजवू नकोस. जागा मात्र पूर्ण उन्हाची हवी, गॅलरीतल्या अर्ध्या सावलीत झाड जगेल पण फुलं मोजकीच.

पेरायचं पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरात, दिवाळीच्या आगेमागे. बी काळं, बारीक, काडीसारखं, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. ते पुरायचं नाही! त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ओल्या मातीवर भुरभुरायचं, तळहातानं हलकं दाबायचं आणि बास. पाणी झारीनं घालू नकोस, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं, स्प्रेनं ओल ठेव. वीस-बावीस डिग्रीला एक ते तीन आठवड्यांत उगवतं, तेवढा धीर धर, माती उकरून बघत बसू नकोस. चार-पाच पानं आली की फूटभर अंतर ठेवून विरळणी कर. ही विरळणी जिवावर येते, पण झाडं दाटीनं राहिली तर हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी येते, पांढरी पावडर टाकल्यासारखी. त्यासाठीच पाणीसुद्धा बुडाशी घालायचं, सकाळी, आणि वरची माती सुकल्यावरच.

पान हाताला खरखरीत लागतं, सगळीकडे राठ लव. पण बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मधली ती काळपट चॉकलेटी घुमटी. ते एक फूल नाहीच, बारीक बारीक फुलांचा गठ्ठा आहे, आणि ती खालच्या कडेपासून उमलायला लागतात, त्यामुळे परागाची पिवळी रिंग रोज थोडी थोडी वर सरकताना दिसते. आपल्याला पाकळी सगळी पिवळीच दिसते, मधमाशीला नाही. पाकळीच्या बुडाशी अल्ट्राव्हायोलेट किरणं शोषणारी द्रव्यं असतात, 1972 मध्ये शास्त्रज्ञांनी ती शोधून काढली, त्यामुळे मधमाशीला मध्ये मोठा गडद डोळा दिसतो, थेट मधाकडे बोट दाखवणारा.

आता तुझ्यासाठी गॉसिप. नाव दिलं लिनियसनं, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या त्या शास्त्रज्ञानं, स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या रुडबेक बापलेकांवरून. शिकत असताना लिनियस गरीब होता, धाकट्या रुडबेक प्रोफेसरांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचा, आपल्याकडे वार लावून जेवणाऱ्या पोरांसारखंच जवळजवळ. पुढे 1918 मध्ये हे मेरीलँडचं राज्यफूल झालं. तिथल्या बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत जिंकलेल्या घोड्याला याच फुलांची चादर घालतात असं म्हणतात, पण शर्यत मे महिन्यात आणि तिकडे हे फुलतं जूनपासून, म्हणून पूर्वी डेझीच्या मध्यभागी काळा रंग फासून काम भागवायचे. आहे की नाही इंदुरी जुगाड!

आपल्याकडे मात्र होळीच्या सुमारास ऐन भरात असतं. सुकलेली फुलं खालच्या पानापर्यंत कापत राहा, नवीन कळ्या येत राहतात. शेवटची काही मात्र झाडावरच वाळू दे, घुमटी करकरीत झाली की चोळून बी काढ आणि कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. आमच्याकडे जूनच्या पावसात झाडं सडतातच, वाचवायच्या फंदात पडू नकोस, मुळात हे दोन-तीन वर्षांचंच झाड, परत पेरायचं.

बी काढून ठेवलंय, गणपतीनंतर कुरियर करतो. वहिनींना सांग, रतलामी शेवेचं पाकीटही त्यातच येईल, तेवढं तू वाटेत उघडू नकोस.

तुझा,
बाळ्या