केदारनाथचं बुकिंग रद्द केलंय, रागवू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रागवायचं ते आधीच सांगून टाकते. केदारनाथच्या सहलीचं बुकिंग मी काल रद्द केलं. बाबा, तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात आणि बघू बघू करत मे महिन्यात आपण गौरीकुंडला उभे असतो.

संक्रांतीला मार्लेश्वरच्या पायऱ्यांवर तुम्ही तीनदा बसलात. ‘धारेश्वर बघतोय’ म्हणालात. धबधबा तुमच्या पाठीमागे होता, बाबा. मी तेव्हा काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडापासून १६ किलोमीटरहून जास्त चढ. हेलिकॉप्टरने गेलं तरी वरची हवा विरळ ती विरळच. २०२१ साली ११ दिवस ऑक्सिजनवर काढल्यावर मी तुम्हाला तिथे कशी नेऊ? तुमच्यात जोर नाही असं नाही म्हणत मी. मला धीर नाही, असं समजा.

खरं तर ही यात्रा २०१९ मध्येच व्हायची होती. तेव्हा तुम्ही रोज विहिरीचं पाणी ओढत होतात, आणि ‘पुढच्या वर्षी नक्की’ मीच म्हटलं. ऑफिसातलं कुठलं काम अडलं होतं, आज आठवतही नाही. पुढच्या वर्षी तर गणपतीलासुद्धा घरी येता आलं नाही. १० दिवस विलगीकरण, वर आजार मीच घेऊन आले तर ही धास्ती. आई, तू फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलास आणि मी पुण्यात एकटीने टाळ्या वाजवत आरती म्हटली. मग २०२१ चा एप्रिल. ई-पासची वाट बघण्यात गेलेले ते दोन दिवस, आणि अंधारात उतरलेला आंबा घाट. साखरपा आलं तेव्हा कुठे श्वास सुटला. पुणे-देवरुख म्हणजे काय, सकाळी निघालं की संध्याकाळी घरी, असंच मी तोवर धरून चालले होते.

आता कुठे जायचं म्हटलं की मी नकाशात आधी दवाखाना शोधते, मग देऊळ. आणि होण्यासारखं असेल ते पुढच्या वर्षावर टाकत नाही.

म्हणून महाशिवरात्रीची गर्दी ओसरली की आपण गोकर्णला जातोय. तेही महादेवाचंच ठाणं, आणि अगदी समुद्रकाठी. रावणाने सोपवलेलं आत्मलिंग गणपतीने जमिनीवर ठेवलं, ही गोष्ट तुम्हीच मला गणपतीपुळ्याच्या एसटीत सांगितली होती. मला गाडी लागायची म्हणून खिडकी माझी आणि लिंबू तुमच्या खिशात. त्या लिंबाचा वास अजून आठवतो.

गाडी मी चालवणार. ट्रेनचा हट्ट नको बाबा, ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती अजून सुरू नाही. पहिला मुक्काम सावंतवाडी. दुसऱ्या दिवशी वाटेत कवळ्याची शांतादुर्गा, आई, तुझ्या माहेरची ओटी राहिली आहे ना? तो मुक्काम कारवारला, आणि मग गोकर्णात चार रात्री. एका दिवसात पाच ठिकाणं उरकणं मला आता नको वाटतं. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी दिवसभर. छोटं स्वयंपाकघर मुद्दाम मागून घेतलंय, म्हणजे रात्रीची पेज सुटायची नाही. दर दोन तासांनी थांबायचं, चहा प्यायचा. घाई कुणालाच नाही.

आता ऐका. ऑक्सिमीटरचे सेल बदला. गोळ्या दोन पिशव्यांत ठेवा, एक माझ्याकडे द्यायची. २०२१ ची फाईल कपाटातून काढा. निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचंच, तारीख मी घेतली आहे. आई, गुडघ्याचा पट्टा घालायचा, नुसता बॅगेत भरायचा नाही. आणि लोणच्याची बरणी घेऊ नकोस, मागच्या वेळी सगळ्या साड्यांना तेल लागलं होतं.

बाबा, केदारनाथ राहिलं याचं तुम्हाला वाईट वाटणार, ते मला कळतं. मलाही वाटतंय. चूक माझी आहे, २०१९ ची.

रविवारी फोन करते. बोलायचं नसेल तर आईकडे द्या, पण रात्रीची गोळी चुकवू नका.

तुमची,
चिंगी

ता. क. आई, उकडे तांदूळ बांधून ठेव. पेज मी करेन, तू फक्त मीठ किती ते सांग.