दत्तक आदेशाआधी बाप्तिस्मा नको

महोदय,

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली वसईची ख्रिस्ती जोडपी बाळ दत्तक घ्यायला भारतात येतात, तेव्हा नंदाखाल, पापडी, निर्मळ, गास अशा आपल्या गावच्या चर्चमध्ये बाळाला नेण्याची त्यांना ओढ असते. आपला बाप्तिस्मा झाला तिथेच बाळाचाही व्हावा, ही इच्छा रास्तच आहे. पण घाईमुळे नंतर मोठा गुंता होतो.

'कारा'चे (दत्तक प्रक्रियेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचे) ना हरकत प्रमाणपत्र मिळाले की बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी जोडप्याकडे येऊ शकते. बाळ घरी आले म्हणजे सगळे झाले, असे नातेवाइकांना वाटते आणि फादरांकडे तारीख मागितली जाते. मात्र जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश होईपर्यंत ते जोडपे कायद्याने आईवडील नसते, त्यामुळे आईवडील म्हणून बाप्तिस्म्याला संमतीही देऊ शकत नाही. कॅथलिक चर्चचा कायदाही (कॅनन ११०) देशाच्या कायद्याप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलालाच त्या दांपत्याचे मूल मानतो. आदेशाआधी नोंद केली तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत दत्तक संस्थेने ठेवलेले नाव आणि पासपोर्टवर दुसरेच, असे होते. या नोंदीवरून मिळणारा बाप्तिस्म्याचा दाखलाच पुढे लग्नाच्या वेळी लागतो. तेव्हा दुरुस्तीसाठी परदेशातून धर्मग्रामाशी (पॅरिशशी) पत्रव्यवहार करावा लागतो.

दत्तक आदेशासाठी अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत आदेश व्हावा, अशी कायद्यात तरतूद आहे. त्यानंतर नवा जन्मदाखला, मग पासपोर्ट. हा पासपोर्ट येईपर्यंतचे दिवस बाप्तिस्म्यासाठी सर्वांत चांगले. फादरांकडे आदेशाची प्रमाणित प्रत न्यावी, मोबाइलमधला फोटो नव्हे. सोबत नवा जन्मदाखला, चर्चमधील विवाहाचा दाखला आणि परदेशातील आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र असावे, कारण बाप्तिस्मा एरवी आईवडिलांच्या स्वतःच्या धर्मग्रामातच व्हायचा असतो. धर्ममाता किंवा धर्मपिता १६ वर्षे पूर्ण झालेले आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले हवेत. नोंद करताना जन्मदाखला समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. रॉड्रिग्जच्या शेवटी 'एस' की 'झेड', डिमेलोमध्ये अपॉस्ट्रॉफी आहे की नाही, एवढ्यावरून अर्ज अडतात.

बाळ धर्मभगिनींच्या संस्थेतले असेल तर आधी बाप्तिस्मा झाला आहे का, हे लेखी विचारावे. बाप्तिस्मा एकदाच होतो. कसून चौकशी करूनही शंका राहिलीच, तर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असे म्हणून सशर्त विधी करता येतो. मूल सात वर्षांचे झाले असेल तर त्याची तयारी आणि त्याची स्वतःची इच्छा लागते. तिथे सुट्टी संपत आली ही सबब चालत नाही.

आदेशाआधी बाळाला चर्चमध्ये नुसते दर्शनाला न्यायला हरकत नाही. मात्र फोटो सोशल मीडियावर किंवा धर्मग्रामाच्या ग्रुपवर टाकू नयेत. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. आणि पहिल्यांदा नेताना रविवारची मोठी मिस्सा (सामूहिक उपासना) टाळावी. संस्थेतून नुकत्याच आलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला घंटा, ऑर्गन आणि गालगुच्चे घेणारे पन्नास नातेवाईक एकदम सोसत नाहीत. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, चर्च रिकामे असताना, आईवडील दोघांनीच न्यावे. दहा मिनिटे पुरेत. मेणबत्तीकडे बोट दाखवू द्यावे, बाकावर चढू द्यावे, आणि ते रडू लागले तर लगेच बाहेर आणावे.

— दत्तक प्रक्रियेत कुटुंबांना मदत करणारे कार्यकर्ते, वसई