पाटीवर नुसतं ‘प्लास्टर’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत संग्रहालयातल्या एका पुतळ्याचं छायाचित्र होतं. पुतळा कादंबरीतल्या नायिकेचा आणि खाली ओळ एवढीच : ‘प्लास्टरची प्रतिकृती’. पुरवणी विभागाला बोल लावत नाही, संग्रहालयाच्या पाटीवरच तसं असणार. पण प्लास्टर दिसलं की नक्कल समजून पुढे सरकायचं, ही खोड काही बरी नव्हे.

शिल्पकार आधी ओल्या मातीत काम करतो. माती सुकली की तडकते, म्हणून तिच्यावर प्लास्टरचा साचा चढवतात. पहिला पातळ थर मुद्दाम रंगीत, वरचा जाड थर पांढरा. साचा उघडून माती खरवडून काढायची, आतून साबणाचा हात फिरवायचा, पुन्हा प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडत जायचं. रंगीत थर दिसला की हात आवरायचा, कारण त्याच्या लगेच खाली नाक-डोळे असतात. याला वेस्ट मोल्ड म्हणतात. यातून मूर्ती निघते ती एकच. माती गेली, साचाही गेला. शिल्पकाराच्या बोटांचे ठसे राहिले ते या प्लास्टरवर. संगमरवर पुष्कळदा मदतनीस कोरत, ब्राँझ ओतशाळेत तयार होई. मग मूळ कशाला म्हणायचं?

उलट तुकड्या-तुकड्यांच्या साच्यातून, म्हणजे पीस मोल्डमधून, कितीही प्रती काढता येतात. तेही प्लास्टरच. पाटीवर मात्र दोघांना एकच शब्द!

फ्रेंच शिल्पकार रोदँचं ‘नरकाचं द्वार’ घ्या. इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या पात्रांनी भरलेल्या या दरवाजाचं काम त्याच्याकडे १८८० साली आलं. १९१७ मध्ये तो वारला, तोवर तो दरवाजा ब्राँझमध्ये ओतलाच गेला नव्हता. १९०० साली पॅरिसमध्ये लोकांनी पाहिला तो प्लास्टरचा. त्याला प्रतिकृती म्हणायचं तर कशाची?

साहित्यातल्या पात्राचं शिल्प असेल तर पाटीची जबाबदारी आणखी वाढते. रोदँचं प्रसिद्ध ‘चुंबन’ही मुळात याच दरवाजासाठी योजलेलं. ते दोघे म्हणजे पाओलो आणि फ्रांचेस्का, दीर-भावजय. दंतकथेतल्या लान्सलॉट या सरदाराची प्रेमकथा एकत्र वाचता वाचता त्यांचा तोल गेला आणि फ्रांचेस्काच्या नवऱ्याने दोघांनाही मारलं. शिल्पात पाओलोच्या हातात ते पुस्तक अजून आहे, पण शोधल्याशिवाय सापडत नाही. हे ठाऊक नसेल तर बघणाऱ्याला दिसतं नुसतं एक तरुण जोडपं. (सेल्फी काढणाऱ्यांना तेवढं पुरतं म्हणा.) पात्राचं नाव लिहिताना प्रसंग कोणता, हे आणखी दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे?

देखभालीचाही प्रश्न आहेच. प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते सच्छिद्र असतं आणि पाण्यात थोडं का होईना विरघळतं. ओल्या फडक्याने वरचेवर पुसलं की पापण्या आणि ओठांच्या कडा आधी बोथट होतात. त्याहून वाईट म्हणजे ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून फासलेला ऑइलपेंट. बारकावे त्यात बुजतात आणि तो उतरवताना उरलेसुरलेही जातात. मऊ कोरडा ब्रश आणि हात लावू नका अशी ठळक सूचना, एवढ्यावर बरंच निभावतं.

आपल्याला एक विनंती. असं छायाचित्र पुन्हा छापाल तेव्हा पुतळ्याच्या पाठीमागचंही एक छापा. साच्याच्या सांध्यांच्या रेषा बहुधा तिथेच घासायच्या राहून जातात. तीच मूर्ती दगडात कोरताना मापं घेता यावीत म्हणून ठोकलेले बारीक खिळेही काही पुतळ्यांवर तसेच असतात. इटलीत पोसान्योच्या संग्रहालयातल्या शिल्पकार कानोव्हाच्या प्लास्टरांवर ते आजही दिसतात.

आपला,
एक नियमित वाचक