तीन खेळ, तीन निकाल : आई-बाबांना पत्र

१५ जुलै २०१९

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी भारत न्यूझीलंडकडून उपांत्य सामना १८ धावांनी हरल्यापासून बाबांनी क्रिकेट विश्वचषकाचे नावच टाकले आहे, असे आई फोनवर म्हणाली, म्हणून कालचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना तुम्ही पाहिला नसणार असे धरून चालते. निकाल एव्हाना कानावर आलाच असेल. पण निकालापेक्षा तो ज्या रीतीने लागला ती रीत अधिक बोलण्यासारखी आहे, आणि त्याच दिवशी विम्बल्डनचा अंतिम सामना व सिल्व्हरस्टोनची मोटारशर्यतही असल्यामुळे तिन्ही खेळांचा न्याय शेजारी शेजारी ठेवून पाहता आला.

आई, आधी तुझ्या सेरेनाविषयी. शनिवारी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ती सिमोना हालेपकडून ६-२, ६-२ अशी ५६ मिनिटांत हरली. हालेपने संपूर्ण सामन्यात टाळता येण्याजोग्या चुका केल्या अवघ्या तीन. अशा दिवशी समोर कोणीही असते तरी तिचे काही चालले नसते, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच दिवशी सिल्व्हरस्टोनच्या पात्रता फेरीत बोटासने हॅमिल्टनला ०.००६ सेकंदाने मागे टाकून शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा मिळवली. शर्यतीत मात्र ती जागा कामी आली नाही. बोटासने आधी टायर बदलून घेतले, हॅमिल्टनचे बदलायचे राहिले होते, आणि नेमकी तेव्हाच जोव्हिनाझीची गाडी खडीत रुतल्यामुळे सेफ्टी कार बाहेर आली. सगळ्यांचा वेग उतरलेला असताना टायर बदलण्यात फारसा वेळ जात नाही, त्यामुळे हॅमिल्टन पिटमधून पुढे राहूनच बाहेर पडला आणि त्याने ही शर्यत विक्रमी सहाव्यांदा जिंकली. याला नशीब म्हणावे, तर शेवटच्या फेरीत झिजलेल्या टायरांवर त्याने शर्यतीतील सर्वांत वेगवान वेळही नोंदवली. तेव्हा माझी तक्रार नाही.

संध्याकाळी मात्र माझी फार ओढाताण झाली. टीव्हीवर क्रिकेट, टॅबवर टेनिस, दोन्हींचा आवाज बंद, आणि दोन्ही सामने जवळजवळ एकाच सुमारास बरोबरीत येऊन थांबलेले. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ असा पुढे होता, सर्व्हिस त्याचीच होती आणि गुण ४०-१५, म्हणजे विजेतेपदापासून तो एका गुणावर होता. पहिल्या संधीला त्याचा फोरहँड बाहेर गेला; दुसऱ्या संधीला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने चेंडू तिरका त्याच्या बाजूने काढला. पुढे १२-१२ झाल्यावर यंदाच आलेल्या नियमानुसार टायब्रेक, म्हणजे बरोबरी तोडणारा गेम, झाला, आणि ४ तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला. गंमत अशी की एकूण गुण फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. गेमही फेडररचेच जास्त. तरीही हा निकाल मला अन्यायाचा वाटत नाही, कारण टेनिसमध्ये सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात हे दोघेही लहानपणापासून जाणतात, आणि जोकोविचने तिन्ही टायब्रेक जिंकले ते हे जाणूनच.

लॉर्ड्सचे तसे नाही. न्यूझीलंडच्या ८ बाद २४१, इंग्लंडच्या सर्वबाद २४१. बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा षटकात, म्हणजे सुपर ओव्हरमध्ये, दोघांच्याही १५. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या असताना धावबाद झाला तो न्यूझीलंडचा गप्टिल, म्हणजे बुधवारी ज्याच्या फेकीने धोनी धावबाद झाला तोच. बाबांना यात थोडे समाधान वाटेल असा माझा अंदाज आहे, पण न्यूझीलंडचा कर्णधार विल्यमसन याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही ते मनातल्या मनातच ठेवले असते. त्यानंतर विश्वचषक ठरला तो चौकार-षटकारांच्या संख्येवर, इंग्लंडचे २६ आणि न्यूझीलंडचे १७. नियम आधीपासून लिहिलेला होता हे मान्य. परंतु आपण चौकार किती मारले याचा हिशेब ठेवून कोणताही फलंदाज खेळत नाही, आणि पळून काढलेल्या चार धावा चौकारापेक्षा हलक्या का धराव्यात, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. मोजायचेच होते, तर कमी गडी गमावणाऱ्याचा हक्क मोठा होता.

बाबा, एवढे मात्र तुम्ही अवश्य पाहा. ४९व्या षटकात सीमारेषेवर न्यूझीलंडच्या बोल्टने इंग्लंडच्या स्टोक्सचा झेल घेतला, पण शेजारी उभ्या असलेल्या गप्टिलकडे चेंडू देण्याआधीच त्याचा पाय दोरीला लागला आणि षटकार झाला. ५०व्या षटकात स्टोक्स दुसऱ्या धावेसाठी झेपावला, गप्टिलची फेक त्याच्या बॅटला लागून थेट सीमेपार गेली, आणि पंचांनी सहा धावा दिल्या. तो क्षण थांबवून पाहा : चेंडू गप्टिलच्या हातातून सुटतो तेव्हा स्टोक्स आणि त्याचा जोडीदार रशीद दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडून गेलेले दिसत नाहीत. माझ्या वाचनाप्रमाणे ओव्हरथ्रोविषयीच्या नियम १९.८ खाली ती धाव धरता येत नाही. म्हणजे धावा पाचच, आणि पुढचा चेंडू खेळायला स्टोक्सऐवजी रशीद. तुम्ही काय निर्णय दिला असता ते सविस्तर कळवा. मोघम उत्तर चालणार नाही.

आई, येत्या शनिवारी टूर द फ्रान्सचे सायकलपटू २,११५ मीटर उंचीचा तुर्माले घाट चढणार आहेत आणि त्या दिवसाची शर्यत वरच संपणार आहे. आघाडीवरच्या सायकलपटूचा पिवळा सदरा सध्या आलाफिलिपकडे आहे. कोण पुढे, कोण मागे यात तुला रस नसला तरी हेलिकॉप्टरमधून दाखवतात ते डोंगर तुला आवडतील, आणि बाबांनाही या निमित्ताने टीव्हीसमोर बसवता येईल.

तुमची,
धाकटी